बॅरेटच्या रुग्णाने कर्करोग टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिन सुरू करावी का?

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. आपले वडील ६१ वर्षांचे असून येथे इंदूरलाच राहतात. छातीतली जळजळ आणि आंबट ढेकरा यांचा त्रास त्यांना बऱ्याच वर्षांपासून आहे. अलीकडे केलेल्या एंडोस्कोपीच्या अहवालात ‘बॅरेट’ असा उल्लेख आला, म्हणजे आम्लाच्या त्रासाने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलले असावे असा. आपले काका अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेलेले असल्यामुळे घरात साहजिकच घबराट उडाली. मग एका स्नेह्याने सांगितले की रोज ७५ मिलिग्रॅमची इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, घेतल्यास हा कर्करोग टळतो, आणि वडिलांनी दवा बाजारातून पाकीट आणून गोळी सुरूही करून टाकली. हे योग्य आहे का, आणि ३४ व्या वर्षी अधूनमधून पित्ताचा त्रास होणाऱ्या आपणही ती घ्यावी का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे आणि हा प्रश्न माझ्या बाह्यरुग्ण विभागात वेगवेगळ्या रूपांत नेहमीच येतो. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना आपला जीव टांगणीला लागणार नाही. केवळ कर्करोगाच्या भीतीपोटी आपल्या वडिलांनी अ‍ॅस्पिरिन सुरू करायला नको होती. त्यांना हृदयविकार नसेल, स्टेंट बसवलेला नसेल आणि पूर्वी अर्धांगाचा झटका आलेला नसेल, तर ही गोळी आजच थांबवायला हरकत नाही. थोड्या दिवसांपूर्वी सुरू केलेली असल्यामुळे ती हळूहळू कमी करण्याचीही गरज नाही. परंतु यांपैकी एखाद्या कारणासाठी हृदयरोगतज्ज्ञाने ती लिहून दिलेली असेल, तर माझ्यासारख्या परक्या माणसाचे लिखाण वाचून ती एक दिवसही बंद करू नये. स्टेंटच्या रुग्णाने ही गोळी परस्पर सोडणे हे या संपूर्ण विषयातले सर्वांत धोक्याचे पाऊल आहे.

आता कारणे पाहू. अ‍ॅस्पिरिनने कर्करोग कमी होतो का, एवढेच विचारून भागत नाही. कोणता कर्करोग, कोणत्या माणसात, किती वर्षांनी, आणि त्यासाठी रक्तस्रावाची किती किंमत मोजून, हे सगळे एकत्र विचारावे लागते.

पहिली गाठ आपल्या काकांच्या आजाराची सोडवू. अन्ननलिकेला होणारे कर्करोग मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक स्क्वेमस पेशींचा, जो बहुधा अन्ननलिकेच्या वरच्या किंवा मधल्या भागात होतो आणि ज्याचा संबंध विडी, सिगारेट, जर्दा, गुटखा व दारू यांच्याशी आहे. अतिशय गरम पेये पिण्याची सवयही त्यात भर घालते. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आहे. दुसरा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, जो खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होतो आणि ज्याची मुळे वर्षानुवर्षांच्या आम्लाच्या उलट प्रवाहात, लठ्ठपणात आणि बॅरेटमध्ये असतात. भारतात आजही पहिल्या प्रकाराचे प्रमाण मोठे आहे. काकांना तंबाखूची सवय होती असे आपण लिहिले आहे. त्यांचा आजार पहिल्या प्रकारचा असण्याची शक्यता मला अधिक वाटते, आणि तसे असेल तर त्याचा आपल्या वडिलांच्या बॅरेटशी थेट संबंध नाही. जुनी कागदपत्रे घरात असतील, तर बायोप्सीच्या अहवालातले निदान एकदा पाहून घ्यावे. एका ओळीत उलगडा होईल.

हा भेद अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीतही महत्त्वाचा आहे. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांच्या गटाने, मुळात हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांसाठी झालेल्या आठ चाचण्यांमधील पंचवीस हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून दाखवले की, रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये काही कर्करोगांनी होणारे मृत्यू पुढे कमी झाले. अन्ननलिकेच्या बाबतीत हा फायदा अ‍ॅडेनोकार्सिनोमापुरताच दिसला, आणि तोही सुमारे पाच वर्षांनंतर. म्हणजे जर्दा खाणाऱ्या माणसाने जर्दा चालू ठेवून वर इकोस्प्रिन घ्यावी, याला त्या अभ्यासाचा काडीचाही आधार नाही. अशी माणसे मला भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दुसरी गोष्ट, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे: वडिलांना खरोखर बॅरेट आहे का? अन्ननलिकेचे अस्तर फिकट, मोतिया रंगाचे असते आणि जठराचे सॅल्मन माशाच्या मांसासारखे गुलाबी. दोन्ही जिथे मिळतात ती रेषा थोडी नागमोडी असणे अगदी सामान्य आहे. ही रेषा एक सेंटिमीटरपेक्षा कमी वर सरकलेली असेल, तर तिला बॅरेट म्हणत नाहीत. तरीही घाईत लिहिलेल्या अहवालांत ‘बॅरेटची शंका’ असे शब्द सहज येतात, आणि शंका हा शब्द घरी पोहोचेपर्यंत गळून पडतो. म्हणून अहवाल हातात घेऊन दोन गोष्टी शोधाव्यात. एक म्हणजे ‘सी’ आणि ‘एम’ या अक्षरांपुढचे आकडे. ‘सी’ म्हणजे गुलाबी अस्तर नलिकेच्या पूर्ण घेराने किती सेंटिमीटर वर गेले आहे आणि ‘एम’ म्हणजे त्याची सर्वांत लांब जीभ कुठवर पोहोचली आहे. ‘सी ० एम २’ असे लिहिलेले असेल, तर पूर्ण घेर कुठेच नाही, केवळ दोन सेंटिमीटरची जीभ आहे. दुसरी म्हणजे बायोप्सी. तिच्यात आतड्यासारख्या पेशी, म्हणजे गॉब्लेट पेशी, दिसल्या का आणि डिस्प्लेझिया, म्हणजे कर्करोगाकडे झुकणारा बदल, आहे का, हे पॅथॉलॉजिस्टने स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. आपण पाठवलेल्या मजकुरात बायोप्सीचा उल्लेखच नाही. बायोप्सी झालीच नसेल, तर बॅरेटचे निदान अजून अर्धवट आहे आणि त्यावर कोणतीही कायमची गोळी उभारणे घाईचे ठरेल. एंडोस्कोपीच्या वेळी अन्ननलिकेला बरीच सूज असेल, तर मी दोन-तीन महिने आम्लरोधक औषध देऊन मगच पुन्हा पाहतो, कारण सुजलेल्या अस्तरात पेशींचा अर्थ लावताना पॅथॉलॉजिस्टचीही पंचाईत होते.

समजा बायोप्सीने बॅरेट पक्के झाले आणि डिस्प्लेझिया नाही. तरी धोका किती? डेन्मार्कमधील अकरा हजारांहून अधिक बॅरेट रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात अ‍ॅडेनोकार्सिनोमा होण्याचे प्रमाण वर्षाला ०.१२ टक्के आढळले, म्हणजे हजार रुग्णांत वर्षाकाठी एक किंवा क्वचित दोन. इतर अभ्यासांत आकडा थोडा वर-खाली होतो, पण घरात पसरलेल्या धास्तीच्या मानाने तो फारच लहान आहे. बॅरेटचे बहुसंख्य रुग्ण बॅरेटने मरत नाहीत. त्यांना नेते ते हृदय, मेंदूची रक्तवाहिनी किंवा वयपरत्वे येणारे दुसरे काही.

आता मूळ औषधाकडे येऊ. अ‍ॅस्पिरिनमुळे कर्करोग कमी व्हावा, ही कल्पना निराधार नाही. ती सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या विकराला निकामी करते. त्यामुळे सूज वाढवणारी प्रोस्टाग्लॅन्डिने कमी बनतात, आणि आम्लाने सतत भाजणाऱ्या अस्तरात नेमकी हीच रसायने पेशींची बेसुमार वाढ घडवतात असे मानले जाते. लोकसंख्येवरील जुन्या पाहण्यांतही अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हा कर्करोग बराच कमी आढळत असे. पण या पाहण्यांत एक खोट आहे. ज्याला जळजळ होते तो माणूस अ‍ॅस्पिरिन टाळतो किंवा त्याचा डॉक्टर ती बंद करतो, आणि ज्याला जळजळ होते त्यालाच पुढे या कर्करोगाचा धोका अधिक असतो. मग अ‍ॅस्पिरिन न घेणाऱ्यांच्या रांगेत धोक्याची माणसे आपोआप जमा होतात आणि गोळीला तिने न केलेल्या कामाचे श्रेय मिळते. हा गुंता केवळ आकडेमोडीने पुरता सुटत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात.

तसा प्रयोग झाला. त्याचे नाव ‘अ‍ॅस्पेक्ट’ आणि निकाल २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ब्रिटन आणि कॅनडातील बॅरेटच्या २,५५७ रुग्णांना चार गटांत विभागले: एसोमेप्राझोल हे आम्लरोधक दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा ४० मिलिग्रॅम दोनदा, आणि त्यासोबत अ‍ॅस्पिरिन किंवा अ‍ॅस्पिरिनशिवाय. मध्यक पाठपुरावा जवळजवळ नऊ वर्षांचा होता. मृत्यू, अ‍ॅडेनोकार्सिनोमा किंवा तीव्र डिस्प्लेझिया यांपैकी पहिली घटना घडेपर्यंत किती काळ गेला, हे मोजले. आम्लरोधकाचा मोठा डोस लहान डोसापेक्षा सरस ठरला. एकट्या अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत घटना ती घेणाऱ्या ११३८ पैकी १२७ जणांत, तर न घेणाऱ्या ११४२ पैकी १५४ जणांत झाल्या. कल अ‍ॅस्पिरिनच्या बाजूने, पण संख्याशास्त्राच्या प्रचलित कसोटीवर तो निर्णायक नाही. मोठा डोस आणि सोबत अ‍ॅस्पिरिन हा गट सर्वांत चांगला राहिला. आपल्या स्नेह्याने जे ऐकले, ते बहुधा या शेवटच्या वाक्यापुरतेच असावे.

हा निकाल मी गंभीरपणे घेतो, पण तो आपल्या वडिलांना जसाच्या तसा लावत नाही. त्या प्रयोगातली अ‍ॅस्पिरिन रोज ३०० ते ३२५ मिलिग्रॅम होती, ७५ नव्हे. रुग्ण मुख्यतः पाश्चात्त्य गोरे पुरुष होते. मोजलेल्या घटनांत कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू धरले होते, त्यामुळे लाभातला कर्करोगाचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते. शिवाय बॅरेट नसलेल्या लोकांत झालेले पुढचे मोठे प्रयोग फारसे उत्साहवर्धक नाहीत. मधुमेहाच्या १५,४८० रुग्णांवरील ‘असेंड’ प्रयोगात रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सात वर्षांहून अधिक काळ घेऊनही अन्नमार्गाच्या कर्करोगाचे प्रमाण दोन्ही गटांत २ टक्केच राहिले. बहुतेक ७० वर्षांपुढच्या १९,११४ निरोगी लोकांवरील ‘अ‍ॅस्प्री’ प्रयोगात तर अ‍ॅस्पिरिन गटात कर्करोगाचे मृत्यू थोडे अधिकच झाले.

‘अ‍ॅस्प्री’ने दुसरी बाजूही नेमकी मोजली. मोठा रक्तस्राव अ‍ॅस्पिरिन गटात हजार माणसांमागे वर्षाला ८.६ आणि दुसऱ्या गटात ६.२ असा झाला. म्हणजे हजारांत दरवर्षी दोन-अडीच जास्तीचे रक्तस्राव. आता तराजूत दोन्ही पारडी ठेवू. बॅरेटच्या हजार रुग्णांत वर्षाला साधारण एक कर्करोग, आणि अ‍ॅस्पिरिनने तो एक-तृतीयांशाने कमी होतो असे उदारपणे मानले, तरी अडीच-तीन हजार रुग्णांमागे वर्षाला एक कर्करोग टळेल. आपले वडील सत्तरीचे नाहीत, म्हणून त्यांचा रक्तस्रावाचा धोका निम्मा धरला, तरी हजारांत एकाहून अधिक जास्तीचा रक्तस्राव होतोच. कर्करोग आणि रक्तस्राव एकाच मापाचे नाहीत, हे मला मान्य आहे. अल्सरमधून झालेला बहुतेक रक्तस्राव आम्ही एंडोस्कोपीने थांबवतो आणि रुग्ण घरी जातो, उशिरा सापडलेल्या अन्ननलिकेच्या कर्करोगाचे तसे नाही. आम्लरोधक सोबत असल्यास जठराचा रक्तस्रावही कमी होतो. पण मेंदूतल्या किंवा मोठ्या आतड्यातल्या रक्तस्रावाला आम्लरोधकाचे संरक्षण नाही. आणि अ‍ॅस्पिरिनचा तोटा पहिल्या आठवड्यापासून संभवतो, तर फायदा पाच-सात वर्षांनी, मिळालाच तर.

ही बेरीज-वजाबाकी माणसागणिक बदलते, आणि म्हणूनच सर्वांना लागू होणारे उत्तर मी देत नाही. पूर्वी अल्सर झालेला असेल, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूचा संसर्ग असेल, मूत्रपिंड अशक्त असेल, स्टेरॉइड किंवा काही नैराश्यविरोधी गोळ्या चालू असतील, तर रक्तस्रावाचे पारडे झपाट्याने जड होते. सर्वांत नेहमीचा साथीदार मात्र गुडघ्याचा असतो. साठीनंतर गुडघे दुखतात आणि औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन विनाचिठ्ठी घरी येते. मी नवीन रुग्णाला त्याच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगतो, कारण कात्रीने कापलेल्या पट्टीच्या तुकड्यावर नाव अर्धेच उरलेले असते आणि विचारल्यावर ‘ती आपली दुखण्याची’ एवढेच उत्तर मिळते. त्या ‘दुखण्याच्या’ गोळीसोबत अ‍ॅस्पिरिन रोज पोटात जाऊ लागली, की अल्सरला निमंत्रण दिल्यासारखेच आहे. गोळीवरचे आवरण पोट वाचवते, हा समजही टिकणारा नाही. अ‍ॅस्पिरिन रक्तात मिसळल्यावरही जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी रसायने घटवते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटना त्यांच्या उरलेल्या आयुष्यभर निकामी करते. आणखी एक स्थानिक गोष्ट: पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू येतो, आणि तापात प्लेटलेट उतरत असताना अ‍ॅस्पिरिन घेणे धोक्याचे असते. कुणाला स्टेंटसाठी ती चालू असेल, तर तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना तसे सांगावे.

उलट बाजूही आहे. वडिलांना पुढे हृदयाच्या ठोस कारणासाठी अ‍ॅस्पिरिन लागली, तर बॅरेट आहे म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही. तेव्हा मी आधी हेलिकोबॅक्टरची तपासणी करून संसर्ग असल्यास तो घालवीन, आम्लरोधक चालू ठेवीन, आणि अन्ननलिकेला काही लाभ झालाच तर तो पदरात पडला असे मानीन. सोबत क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी रोखणारे औषध दिलेले असेल, तर ओमेप्राझोल व एसोमेप्राझोल त्याचा प्रभाव घटवतात, म्हणून आम्लरोधकांपैकी पॅन्टोप्राझोल निवडावे. एवढा समन्वय पोटाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी आपसात करावा; रुग्णाला दोघांमध्ये निरोप्या करू नये.

मग बॅरेटसाठी करायचे काय? जे ‘अ‍ॅस्पेक्ट’मध्ये अधिक खात्रीने कामी आले, ते आधी नीट करावे. माझा अनुभव असा की आम्लरोधक बहुतेकांना लिहून दिलेले असते, पण ते चुकीच्या वेळी घेतले जाते. हे औषध जठरातल्या आम्लाच्या पंपांना ते कामाला लागण्याच्या सुमारास पकडते, आणि पंप कामाला लागतात जेवल्यावर. म्हणून गोळी रिकाम्या पोटी, न्याहारीच्या अर्धा ते पाऊण तास आधी हवी. आपल्या इंदुरात सकाळी चहा होतो, कोपऱ्यावर पोहे-जिलबी होते, वर शेव पडते, आणि मग दहा वाजता दुकानात बसल्यावर गोळी आठवते. अशी गोळी निम्मी वाया जाते, आणि रुग्ण म्हणतो की औषध लागू पडत नाही. डोस दुप्पट करण्याआधी मी ही वेळ बदलतो, आणि पुष्कळांची जळजळ तेवढ्यानेच बसते. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्व अधूनमधून तपासावे, विशेषतः शाकाहारी असल्यास.

रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर हवे. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात अकराला तळलेले गराडू आणि मालपुवा खाऊन बाराला आडवे होणे बॅरेटच्या माणसाला परवडणारे नाही. महिन्यातून एखाद्या वेळी पाहुणे आले म्हणून गेलात, तर त्याने आकाश कोसळत नाही, पण घरी येऊन थोडे बसून राहावे. पलंगाची डोक्याकडची बाजू पायाखाली ठोकळे देऊन अर्धा फूट उचलावी. उशा रचल्याने पोट दुमडते आणि उलट त्रास होतो. पोटाचा घेर कमी करणे आणि तंबाखू पूर्ण बंद करणे, याबद्दल दुमत नाही.

एंडोस्कोपी पुन्हा केव्हा, हे लांबीवर ठरते. डिस्प्लेझिया नसलेले बॅरेट तीन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाच वर्षांनी आणि त्याहून लांब असेल तर तीन वर्षांनी, असे प्रचलित धोरण आहे. दरवर्षी एंडोस्कोपी करण्याची आवश्यकता नाही. डिस्प्लेझिया आढळला, तर त्याची खात्री दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून करून घ्यावी. ते अस्तर एंडोस्कोपीतूनच काढता किंवा जाळता येते, आणि त्या उपचाराचा पुरावा अ‍ॅस्पिरिनच्या पुराव्याहून कितीतरी भक्कम आहे. मधल्या काळात पोळीचा घास अडकू लागला, कारण नसताना वजन उतरले, रक्ताची उलटी झाली किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर तारखेची वाट न पाहता दाखवावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, तेव्हा त्या चालू असतील तर तेही सांगावे.

राहिला आपला स्वतःचा प्रश्न. चौतिसाव्या वर्षी, अधूनमधून होणाऱ्या पित्तासाठी, आपण अ‍ॅस्पिरिन अजिबात घेऊ नये, आणि काकांमुळे लगेच एंडोस्कोपीही करू नये. डोके दुखले म्हणून डिस्प्रिन घेत असाल तर तीही अ‍ॅस्पिरिनच आहे, त्याऐवजी पॅरासिटामॉल घ्यावी. वडिलांचे बॅरेट बायोप्सीने सिद्ध झाले आणि आपली जळजळ आठवड्यातून दोन-तीनदा होत वर्षानुवर्षे टिकली, तर पन्नाशीच्या आसपास एकदा एंडोस्कोपी करून घेणे रास्त ठरेल. तंबाखू किंवा पोटाचा घेर त्यात भर घालत असेल, तर थोडी आधी.

वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा बायोप्सीचा कागद, एंडोस्कोपीची छायाचित्रे आणि घरातल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या. बायोप्सी झाली नसल्यास ती केव्हा करायची, हा पहिला प्रश्न विचारा. अ‍ॅस्पिरिनचा प्रश्न त्याच्या उत्तरानंतरचा आहे.